शिक्षक-खोलीतलं बीपी

गेल्या अंकात मी शिक्षक वाचकांना बीपीबद्दलचे प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. पत्रं आली तीही समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक घालून. एका सरांनी तर प्रत्येक प्रश्नापुढे गुण लिहिलेत, म्हणजे उत्तर किती लांब द्यायचं ते मला कळावं. माझं माहेर शिक्षकांचं आणि सासरही शिक्षकांचंच, त्यामुळे मी हे निमूट मान्य केलं. बीपी म्हणजे काय, ते कशाने वाढतं, वाढलं तर कुठले अवयव बिघडतात, हे बहुतेक पत्रांत बिनचूक आहे. स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं आणि किती आलं, ही जागा मात्र बहुतेकांनी कोरी सोडली आहे. आजची उत्तरं त्या कोऱ्या जागेसाठी.

प्रश्न: शाळेत तपासणी शिबिर होतं. मधल्या सुट्टीत घाईघाईने जाऊन रांगेत उभी राहिले, तर 158/96 आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "निकालाचे दिवस आहेत, होतं असं." रविवारी भावाकडच्या मशीनवर 134/84 आलं. खरा आकडा कोणता धरू?
*– गणिताच्या शिक्षिका, वय 46*

बाई, शिबिरातल्या एका आकड्यावर गोळी चालू करायची नसते आणि रविवारच्या एका आकड्यावर निर्धास्तही व्हायचं नसतं.

आधी शिबिराचं बघू. तुम्ही जिना चढून आलात, रांगेत गप्पा मारल्यात, कदाचित सकाळपासून स्वच्छतागृहात जायला वेळ मिळाला नसेल. बसल्याबरोबर पट्टा बांधला गेला, तोही बाहीवरून, आणि पट्टा फुगत असतानाच कोणीतरी वय विचारलं, तुम्ही सांगितलं. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. भरलेलं मूत्राशय ढकलतं, बोलणं तर नक्कीच. हात कुठे ठेवलाय यानेही फरक पडतो. 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. हात टेबलावर छातीच्या उंचीला नीट टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा साधारण 4 ने जास्त येतो, नुसता बाजूला सोडला तर 6 ते 7 ने. पट्टा लहान पडला तर गोंधळ आणखी मोठा. ज्यांच्या दंडाला सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा 20 च्या आसपास फुगलेला दिसू शकतो. म्हणजे बीपी चांगलं असूनही माणूस पेशंट ठरायचा.

आता रविवार. तो आकडा खोटा नाही, पण तो रविवारचा आहे. काही लोकांचं बीपी दवाखान्यात वाढतं आणि घरी उतरतं, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. याच्या उलटंही होतं, आणि ते शिक्षकांसारख्या माणसांत मी जास्त गांभीर्याने घेते. दवाखान्यात शांत बसल्यावर आकडा ठीक येतो, कामाच्या दिवशी मात्र तासन् तास चढलेला राहतो. हे छुपं बीपी. सुट्टीच्या दिवशीच मोजत राहिलात तर ते सापडणार नाही.

म्हणून एक आठवडा द्या, आणि तो शाळेचा चालू आठवडा असू द्या. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. सकाळी चहा-कॉफीच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी मोजा. लघवीला जाऊन या, पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सरळ, पायावर पाय नाही, हात टेबलावर, दंड उघडा. पाच मिनिटं गप्प बसा. हीच पाच मिनिटं शिक्षकांना सगळ्यात अवघड जातात, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. मग एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडला तो ठेवला, नाही आवडला तो खोडला, असं करू नका. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून बाकीच्यांची सरासरी काढा. गणित तुमचंच आहे. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर बीपी वाढलेलं आहे असं धरतात.

सरासरी काहीही येवो, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण 158/96 नुसतं विसरून जाण्यासारखं नाही. दोन्हीकडचे आकडे जुळत नसतील तर दिवस-रात्र पट्टा बांधून ठेवणारी 24 तासांची तपासणी सांगतील. ती शाळेच्या दिवशीच करून घ्या. आणि मधेच कधी 180/120 च्या वर आकडा आला, सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, अंधुक दिसणं यातलं काही असलं, तर आठवडा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

प्रश्न: मी रक्ताभिसरण शिकवतो, त्यामुळे बीपी मला नवीन नाही. मला डोकेदुखी नाही, चक्कर नाही, काही त्रास नाही. वर्षापूर्वी 150/90 आलं होतं, पण शंभर अधिक वय एवढं चालतं असं आमचे वडील म्हणत. त्या हिशेबाने मी दोन गुणांनी पासच होतो. मग चिंता का करावी? (5 गुण)
*– विज्ञान शिक्षक, वय 53*

सर, गुण देणारे ते तुम्हीच. वर्षापूर्वी तुम्ही 52 वर्षांचे, म्हणजे 152 पर्यंत पास, तुमचे दोन गुण बरोबर. पण पेपरच चुकीचा आहे.

शंभर अधिक वय हा नियम तुमच्या वडिलांनी काढलेला नाही, एके काळी डॉक्टरही असंच मानत. वय वाढलं की शुद्ध रक्तवाहिन्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त दाब हवाच, असा तो तर्क. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च 1944 मध्ये 186/108 होतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या दिमतीला डॉक्टर होते, पण उपयोगी औषध फारसं नव्हतं. 12 एप्रिल 1945 रोजी डोकं भयंकर दुखतंय असं म्हणत ते कोसळले आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. पुढे 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा अभ्यास सुरू झाला. वयाबरोबर बीपी वाढतं हे खरं, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यातून पक्कं झालं. जितका दाब जास्त, तितका पक्षाघात आणि हृदयविकार जास्त, वय कितीही असो.

त्रास नाही म्हणता, तर बहुतेकांना नसतोच. जगभरात 30 ते 79 वयाच्या बीपी वाढलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना आपलं बीपी वाढलंय हेच माहीत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. डोकं दुखायची वाट बघणारा माणूस बरीच वर्षं वाट बघतो, आणि तेवढ्या काळात मूत्रपिंडं, डोळ्याचा पडदा, हृदयाचा डावा कप्पा यांवर दाबाचा परिणाम होत राहतो. तुम्ही हृदयाची आकृती काढताना डाव्या जवनिकेची, म्हणजे डावीकडच्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड दाखवता ना? बीपी वाढलेल्या माणसात ती आणखी जाड होते, आणि हे जाड होणं ताकदीचं लक्षण नसतं.

रेघ कुठे मारायची यावर मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी दवाखान्यातल्या मोजणीत 140/90 ला बीपी म्हणतात, अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2017 मध्ये ती रेघ 130/80 वर आणली. यातली कुठलीही पट्टी लावली तरी तुम्ही तिच्या वरच आहात. शिवाय तो आकडा वर्षापूर्वीचा आहे. आधी आजचा काढा, सोबत रक्तातली साखर, मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, लघवीची तपासणी आणि ईसीजी.

प्रश्न: मला वाटतं आमच्या बीपीचं एकमेव कारण ताण आहे. वर्गातला आवाज, पालक, कागदपत्रं. बाकी मी दिवसभर उभीच असते, म्हणजे व्यायाम आपोआप होतो. ताण कमी होणार नाही, मग बीपी कमी कसं होणार?
*– भाषा शिक्षिका, वय 41*

ताणाचा वाटा मी नाकारत नाही. पण एकमेव कारण म्हटलं की बाकी सगळी कारणं सुटून जातात, आणि सोय अशी की त्या सुटलेल्या कारणांवर आपल्याला काही करावंही लागत नाही.

1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये शाळाशिक्षकांना दिवसभर बीपीचं यंत्र बांधून एक अभ्यास झाला. कामाचा ताण जास्त असलेले आणि कमी असलेले, अशा दोन गटांत त्यांची तुलना केली. शाळेच्या वेळेत दोन्ही गटांचं बीपी सारखंच होतं. फरक संध्याकाळी पडला. कमी ताणवाल्यांचं बीपी घरी गेल्यावर चांगलं उतरलं, जास्त ताणवाल्यांचं तेवढं उतरलं नाही. मला हा निष्कर्ष फार पटतो. वर्गात आवाज चढवला की बीपी चढणारच, ते शरीराचं कामच आहे. प्रश्न आहे शाळा सुटल्यावर ते खाली येतं का याचा. जेवणाच्या ताटाशेजारी वह्यांचा गठ्ठा आणि रात्री अकराला पालकांच्या ग्रुपवर उत्तरं, असं चाललं तर ते खाली कधी येणार? तेव्हा वर्ग शांत करण्याच्या मागे लागू नका, संध्याकाळ वाचवा. ग्रुपला उत्तर द्यायची एक वेळ ठरवून ती पालकांना सांगा, आणि गठ्ठा एका ठरलेल्या वेळेनंतर उघडू नका.

उभं राहणं हा व्यायाम नव्हे. त्याने पाय दुखतात, सुजतात, शिरा फुगतात. हृदयाला हवं असतं ते धाप किंचित लागेल असं चालणं, आठवड्याला एकूण 150 मिनिटं. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंतच्या फेऱ्या यात धरायच्या नाहीत, कितीही मोहात पडलात तरी.

आता सुटलेली कारणं. आई-वडिलांपैकी कुणाला बीपी आहे का? असल्यास तुम्हाला इतरांपेक्षा लवकर आणि जास्त नियमाने मोजायला हवं. वजन वाढलंय का? ढोबळ हिशेब असा, की एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. तंबाखू, दारू हे सांगायला नको. झोप किती? जोरात घोरता का, घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगतात का? तसं असेल तर आधी त्याची तपासणी, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं बीपी पुष्कळदा औषधांनाही दाद देत नाही.

आणि एक प्रश्न बायकांना कोणी विचारतच नाही: गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? बाळंतपणानंतर ते उतरतं आणि सगळे विसरतात. पण गरोदरपणी बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील, तर पुढच्या आयुष्यात बीपी जडण्याची शक्यता इतर बायकांच्या तीन-चार पट असते. असं झालं असेल तर दरवर्षी मोजा, आणि डॉक्टरांना ही गोष्ट आपणहून सांगा, ते विचारोत वा न विचारोत.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलं मीठही आलं. मधल्या सुट्टीत डबा सोडून पाकीट फोडण्याची सवय असेल तर मीठ बहुधा तिथूनच येतंय. पोटॅशियम मिसळलेलं, सोडियम कमी असलेलं मीठ मिळतं. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे 21,000 लोकांवर त्याचा मोठा प्रयोग झाला. 2021 मध्ये आलेल्या निकालानुसार ते वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी होतं. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

प्रश्न: गोळी चालू केल्यापासून कोरडा खोकला लागलाय, कविता म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्या एका गोळीने सारखं लघवीला होतं आणि तास सोडून जाता येत नाही. म्हणून शाळेच्या दिवशी ती टाळते आणि पाणीही कमी पिते. चालेल का?
*– प्राथमिक शिक्षिका, वय 37*

चालणार नाही, पण यात तुमचा दोष कमी आणि गोळी लिहून देताना "काम काय करता?" असं न विचारणाऱ्याचा जास्त.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी अंदाजे दहातल्या एकाला असा खोकला लागतो, बायकांना जास्त. तो संसर्गाचा नसतो, त्यामुळे कफ सिरपच्या बाटल्या रिकाम्या करून जात नाही. गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही शेजारच्या जातीची औषधं आहेत, त्यांनी खोकला क्वचितच होतो. बदल डॉक्टरच करतील, तुम्ही मनाने नको. आणि बाळाचा विचार असेल तर आधी तसं सांगा. ही दोन्ही जातीची औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

लघवीच्या गोळीची वेळ बदलता येते. "बीपीची गोळी सकाळीच" हा दगडावरचा लेख नाही. ब्रिटनमध्ये 21,000 हून जास्त लोकांवर सकाळ विरुद्ध संध्याकाळ अशी तुलना झाली, 2022 मध्ये निकाल आला, आणि हृदयविकार-पक्षाघाताच्या बाबतीत काही फरक दिसला नाही. शाळेतून घरी आल्यावर, दुपारी उशिरा, लघवीची गोळी घ्यायला बहुतेकांना सोपं जातं. अगदी झोपताना घेतली तर रात्रभर उठावं लागेल. हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. पाणी मात्र तोडू नका. लघवीची गोळी आणि कमी पाणी एकत्र आलं, की एखाद्या दिवशी फळ्यासमोर चक्कर येईल.

अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, तेही सांगून ठेवते. उभं राहण्याच्या कामात ती सूज जास्त दिसते आणि मग सगळा दोष चपलेला दिला जातो.

प्रश्न: घसा बसतो म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळते. ते तर औषधीच ना?
*– संगीत शिक्षिका, वय 49*

औषधी आहे म्हणूनच जपून. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम उतरवतो आणि बीपी चढवतो. कधीतरी एक काडी वेगळी, रोज दिवसभर वेगळं. बंद नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं आणि पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या सोडियमयुक्त गोळ्या, यांनीही बीपी चढतं. डॉक्टरांना "कोणती औषधं चालू आहेत?" याचं उत्तर देताना ही सगळी सांगायची.

प्रश्न: मोठ्या सुट्टीत माझं बीपी 120/80 येतं. तेवढे दिवस गोळी बंद ठेवली तर?
*– क्रीडा शिक्षक, वय 45*

ते 120/80 गोळीमुळे आहे. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळी मारतं. सुट्टीत आकडा फारच खाली येत असेल, उठताना अंधारी येत असेल, तर आकडे लिहून घेऊन जा, मात्रा कमी करता येते.

प्रश्न: आमच्या शिक्षकांसाठी बीपी जागृतीचा कार्यक्रम घ्यायचा आहे. आपण व्याख्यानाला याल का? तसंच आधी प्रश्नावली देऊन शिक्षकांचं ज्ञान तपासावं, असा विचार आहे.
*– मुख्याध्यापिका, वय 55*

मॅडम, व्याख्यानाला येईन, पण त्याने फार काही होणार नाही. तुमच्या शिक्षकांना माहिती आहे. माझ्या समोर बसून "सामान्य बीपी किती?" याचं उत्तर ते माझ्याआधी देतील. प्रश्नावलीत ते विचारण्यात अर्थ नाही. दोनच प्रश्न विचारा: तुमचं बीपी शेवटचं कोणत्या महिन्यात मोजलं, आणि किती आलं? नाव लिहायचं नाही. किती जणांनी आकडा लिहिला ते मोजा. वर्षाने हेच दोन प्रश्न पुन्हा द्या आणि दोन्ही वेळची संख्या ताडून पाहा. कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही ते त्यातून कळेल.

व्याख्यानाच्या खर्चात मशीन घ्या. दंडाचं, प्रमाणित, आणि पट्टे दोन मापांचे, कारण एका मापात सगळे दंड मावत नाहीत. शिक्षक-खोलीत नको. तिथे गप्पा थांबत नाहीत आणि पट्टा फुगताना चार जण आकडा वाचायला मान वाकवतात. ग्रंथालयाचा कोपरा चालेल. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, योग्य उंचीचं टेबल, भिंतीवर "बसा, पाच मिनिटं गप्प, मग मोजा" एवढीच सूचना. मोकळ्या तासाला ज्याने त्याने यावं आणि आकडा स्वतःच्या डायरीत लिहावा. शाळेने नोंदवही ठेवू नये. एकदा का कोणाचं बीपी किती हे कार्यालयात कळलं, की पुढच्या वेळी लोक येत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मुलांनाही यात घेता येईल. उत्तर चीनमधल्या 28 प्राथमिक शाळांत असा प्रयोग झाला होता, 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही शाळांतल्या साधारण दहा वर्षांच्या मुलांना मिठाबद्दल धडे दिले आणि घरी जाऊन तेच सांगायला लावलं. त्या मुलांच्या घरच्या मोठ्या माणसांचं मीठ इतर शाळांतल्या पालकांच्या तुलनेत दिवसाला जवळजवळ 3 ग्रॅमने कमी झालं, वरचं बीपीही दोन-अडीच अंकांनी उतरलं. मोठ्यांना इतकं ऐकायला लावणं मला तरी दवाखान्यात जमलेलं नाही. विज्ञानाच्या सरांना हा प्रकल्प द्या.

आणखी एक, खर्चाचं आहे पण सांगते. शिक्षकांचं स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे ते बघा. ते खाली आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल, तर पाणी न पिणाऱ्या आणि गोळी टाळणाऱ्या बायका तुमच्याकडेही असणार. दोन तासांच्या मधे पाच मिनिटांची फट वेळापत्रकात बसवता आली तर आधी ती बसवा, मशीन नंतर आलं तरी चालेल.